गाव सुटल्यावर मिळालेलं नाव

कवी आरती प्रभू, म्हणजे चिंतामण त्र्यंबक खानोलकर, ८ मार्च १९३० रोजी तेंडोलीच्या बागलांची राई इथे जन्मले. खानोली तिथून फार लांब नाही, पण ती तेंडोली नव्हे. ज्यांच्या नावात तेंडोली आहे ते तेंडुलकर भेटतात रत्नागिरीत, पुण्यात, मुंबईत. महात्मा गांधींचं आठ खंडांचं चरित्र लिहिणारे दीनानाथ गोपाळ तेंडुलकर रत्नागिरी जिल्ह्यातले. सचिन तेंडुलकर दादरचा. वेंगुर्ल्यात १९२९ साली जन्मलेले कवी मंगेश, ते पाडगावकर. सिंधुदुर्गातली अशी नावं मांडत गेलं की एक गोष्ट ठळक होत जाते. आडनावातला गाव आणि राहता गाव सहसा जुळत नाहीत. जुळले, तर तेच नवल.

याचं कारण साधं आहे. खानोलीत राहणारे सगळेच खानोलीचे. तिथे कुणाला खानोलकर म्हणून हाक मारली तर चारजण वळून बघतील. ते नाव उपयोगी पडतं ते शीव ओलांडल्यावर, परक्या गावात, ‘हा कोण?’ या प्रश्नाला उत्तर म्हणून. म्हणून ‘कर’ लागलेलं आडनाव म्हणजे कुणीतरी, केव्हातरी, घर सोडून गेल्याची नोंद असते. मालवण किनाऱ्याचा चार-पाचशे वर्षांचा इतिहास या नोंदींतून वाचता येतो. (प्रत्येक ‘कर’ गावावरूनच येतो असं मात्र नाही. ६ जुलै १८३७ रोजी मालवणात जन्मलेले रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्या आडनावात गाव नाही, भांडार आहे.)

गावात राहिलेल्यांची नावं वेगळ्या घडणीची. सावंत, देसाई, प्रभू, परब, राणे, गावडे, दळवी, नाईक. ही नावं गाव सांगत नाहीत, गावातली जागा सांगतात. कुणाकडे वतन, कुणाकडे देवळातला मान, कुणाकडे वसुलीचा अधिकार. या मुलखात गावगाडा चालतो तो ग्रामदेवतेच्या देवळातून. रवळनाथ, सातेरी, रामेश्वर, वेतोबा यांच्या समोर बारापाच मानकरी कुठे उभे राहायचे, तरंग, म्हणजे देवतेची सजवलेली काठी, कुणी धरायचं, पहिलं गाऱ्हाणं कुणी घालायचं, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं. ज्याच्याकडे मान, त्याला गाव सोडण्याचं कारण नसे, आणि गाव सोडलं तर मान सुटण्याची भीती असे. या रिवाजात शोभणारा एकच ‘कर’ आहे, तो म्हणजे गावकर. गाव वसवणाऱ्या मूळ घराण्याचा हक्क त्या नावात आहे.

सावंतांची गोष्ट या घडणीचा सर्वांत मोठा नमुना. सामंत ही मध्ययुगीन राजांच्या मांडलिकांची पदवी. दक्षिण कोकणात ती सावंत होऊन रुजली. कुडाळ परगण्यातल्या ज्या भोसले घराण्यानं विजापूरच्या आदिलशाहीत देशमुखी मिळवली, त्यांचं कूळ भोसले आणि मान सावंत. १६२७ च्या सुमारास खेम सावंतांनी आपलं वेगळं बस्तान बसवलं. पुढे लखम सावंत शिवाजी महाराजांशी कधी तहानं, कधी वैरानं वागले. चराठे गावाच्या हद्दीत या घराण्याची राजधानी वसली. सुंदरवाडी असं गोड नाव तिला होतं, तरी लोकांच्या तोंडी बसली ती सावंतांची वाडी. पदवीचं आडनाव झालं आणि आडनावाचं शहर झालं. मालवण तालुक्यातच याचं छोटं रूप सापडतं. मसुरे गावातली आंगणेवाडी ही आंगणे घराण्याची वाडी. भराडीदेवीच्या जत्रेची तारीख पंचांगात नसते; देवीचा कौल घेऊन ती ठरते, आणि ठरली की आंगणे असतील तिथून वाडीची वाट धरतात.

म्हणजे इथे नावं दोन्ही दिशांनी वाहिली. राहणाऱ्यानं आपलं नाव जमिनीला दिलं, जाणाऱ्यानं जमिनीचं नाव सोबत नेलं. चीनमध्ये पहिला प्रवाह फार जोरकस आहे. तिथे कुळाचं नाव दोन हजारांहून अधिक वर्षं बापाकडून मुलाकडे येतं, आणि उत्तर चीनमधल्या असंख्य खेड्यांची नावं ‘चांगांच्या घराचं गाव’, ‘वांगांच्या घराचं गाव’ अशी, आंगणेवाडीच्याच धाटणीची. दुसरा प्रवाह त्या देशातही होता. चन हे आज चीनच्या सर्वांत मोठ्या आडनावांपैकी एक. चन हे मुळात एका छोट्या राज्याचं नाव, आजच्या हनान प्रांतातलं. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात बलाढ्य छू राज्यानं ते गिळलं. राज्य गेल्यावर तिथल्या राजघराण्याचे लोक पांगले आणि त्यांनी गमावलेल्या भूमीचं नाव आडनाव म्हणून लावलं. पुढे हे नाव दक्षिणेला फूच्येनमध्ये आणि ग्वांगतोंगमध्ये गेलं, कँटनी बोलीत चॅन झालं, सिंगापूर-मलायात तान झालं, व्हिएतनाममध्ये त्रान झालं आणि तेराव्या शतकात तिथल्या राजघराण्याचंही नाव बनलं. हातची भूमी गेली की नावात तिची आठवण जपायची, ही रीत आपल्या किनाऱ्यालाही ओळखीची आहे.

कोकणच्या या पट्ट्यात ती वेळ आली सोळाव्या शतकात. पोर्तुगिजांनी १५१० साली गोव्यातली तिसवाडी घेतली, १५४३ साली बार्देश आणि साष्टी त्यांच्या हाती गेली. पुढच्या पंचवीस वर्षांत तिथली देवळं पाडली गेली आणि १५६० साली इन्क्विझिशन बसलं. भक्तांनी देव उचलले. कुडथाळचा मंगेश जुवारी ओलांडून प्रियोळला आला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला. ही तिन्ही गावं अंत्रूज महालातली, आणि तेव्हा तो आदिलशहाच्या अमलात होता, म्हणून तो आसरा. देवांपाठोपाठ माणसं हलली, काही दक्षिणेला कारवार, मंगळूर, कोचीपर्यंत, काही उत्तरेला पेडणे, कुडाळ, मालवणकडे. वेर्णेकर, लोटलीकर, कुंकळ्येकर असली आडनावं ज्या गावांकडे बोट दाखवतात, ती याच उलथापालथीतली गावं.

जे मागे राहिले आणि बाटले, त्यांना बाप्तिस्म्याच्या वेळी पाद्रीचं किंवा धर्मपित्याचं पोर्तुगीज आडनाव मिळालं. असं एकाच घराण्याच्या एका शाखेला ख्रिस्ती नाव मिळालं आणि दुसरीला गावाचं. गंमत अशी, की जो जागचा हलला नाही त्याचं नाव लिस्बनचं झालं, आणि जो परागंदा झाला त्याच्या नावात गाव राहिला.

अठराव्या शतकातल्या जाण्याला दौलतीची ओढ होती. पेशवे, शिंदे, होळकर यांच्या दरबारांत लेखणी आणि तलवार दोन्हींना मागणी होती, आणि लिहितावाचता येणारे शेणवी घाट चढून उत्तरेला गेले. तेरेखोलच्या मुखाशी असलेल्या पेडण्याच्या केरी गावचे जिवबादादा केरकर महादजी शिंद्यांच्या फौजेचे बक्षी झाले. इतिहासात त्यांचं नाव उरलं ते जिवबादादा बक्षी असंच. मोठा हुद्दा मिळाला की ‘कर’ मागे पडतो. गावाच्या नावावर भिस्त ठेवायची वेळ येते ती ज्याच्याकडे सांगण्यासारखं दुसरं काही नसतं त्याच्यावर.

आणि अशा माणसांचा लोंढा निघाला एकोणिसाव्या शतकात. १८१२ च्या तहांनी कोल्हापूरकरांकडून मालवण आणि सावंतवाडीकरांकडून वेंगुर्ले इंग्रजांकडे गेलं. मालवण, देवगड, वेंगुर्ले रत्नागिरी जिल्ह्यात आली आणि १ मे १९८१ ला सिंधुदुर्ग वेगळा होईपर्यंत तिथेच राहिली. जांभ्या दगडाची जमीन, एक पावसाळी पीक, खोतांचा आणि वतनदारांचा भार. शिवाय मराठी फौजांतली शिपाईगिरी संपलेली. कावसजी दावर यांनी १८५४ साली मुंबईत पहिल्या कापड गिरणीची कंपनी काढली, आणि पुढच्या पन्नास वर्षांत परळ-लालबागची धुराडी उभी राहिली. मुंबईच्या खानेसुमारीत बाहेरून आलेल्यांमध्ये रत्नागिरी जिल्ह्याचा आकडा वर्षानुवर्षं सर्वांत मोठा असे.

वाट समुद्राची होती. वेंगुर्ले, मालवण, देवगड, विजयदुर्ग अशी बंदरं घेत आगबोट मुंबईला जाई. मालवणला खडकांमुळे बोट बाहेरच उभी राही आणि माणसं, ट्रंका, फणस-आंबे पडावांतून तिच्यापर्यंत पोचत. पावसाळ्यात बोटी बंद. कोकण रेल्वे धावली १९९८ साली, तोवर गिरण्या बंद पडत आल्या होत्या. जाणारा माणूस बहुधा एकटा पुरुष. बायको, म्हातारी माणसं, गुरं आणि भातशेती गावात. मनीऑर्डर दर महिन्याला. गणपतीला किंवा शिमग्याला परतणं. या माणसाला किनाऱ्यानं चाकरमानी हे नाव दिलं. मुंबईत तो उतरे तो गावच्या खोलीवर. एका गावच्या मंडळींनी मिळून भाड्यानं घेतलेली खोली, पाळीपाळीनं झोपायचं, वळकटी भिंतीला, सामाईक भांडी. गोव्याच्या ख्रिस्ती दर्यावर्द्यांनी धोबीतलावाला थाटलेल्या कुडीही अशाच, प्रत्येक गावाची वेगळी. मुंबईत गाव ही भौगोलिक गोष्ट राहिली नाही. ती डोक्यावरचं छप्पर झाली.

इथेच आडनावाचं काम पक्कं झालं. जुन्या कागदांत शेतकऱ्याचं नाव ‘अमुक बिन तमुक, मौजे अमुक’ असं येई. स्वतःचं नाव, बापाचं नाव आणि गाव. मुंबईच्या गिरणीतला कारकून हजेरीपटावर नाव मांडायचा, तेव्हा हीच तीन पदं आली, फक्त ‘मौजे’ गळून शेवटी ‘कर’ चिकटला. जॉबर, म्हणजे मुकादम, आपल्याच गावची माणसं भरायचा, पण खात्यात रामा, बाबल्या, तातू पुष्कळ असत. गावाच्या नावानं ते निराळे ओळखू येत. हजेरीपटावरचं नाव मग मुलाच्या शाळेच्या दाखल्यावर गेलं, तिथून रेशनकार्डावर. बापापर्यंत जे नाव सोयीचं होतं, ते नातवापर्यंत कायद्याचं झालं.

या नावाचा एक गुण असा, की ते जात चटकन सांगत नाही. आचऱ्याहून निघालेला सारस्वत आचरेकर, मराठा आचरेकर आणि भंडारीही आचरेकर. वतनाची नावं देवळातला क्रम बोलून दाखवत. गावाचं नाव तो मागे ठेवून येई. कोकणातल्या ज्यांना क्रमात खालची जागा होती त्यांच्यासाठी ही मोठीच मोकळीक होती. मंडणगड तालुक्यातलं आंबडवे हे रामजी सकपाळांचं मूळ गाव. लष्करातून निवृत्त झालेल्या रामजींनी मुलासाठी कुळाचं सकपाळ न लावता गावावरून आंबडवेकर लावलं. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत भिवा रामजी आंबेडकर अशी नोंद झाली. हा मुलगा १९०७ साली मॅट्रिक झाला तेव्हा मुंबईतल्या सत्कारात त्याच्या हाती आपण लिहिलेलं बुद्धचरित्र ठेवलं ते कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांनी. केळूस हे वेंगुर्ल्याजवळचं गाव. कोकणच्या दोन टोकांच्या गावांची नावं घेतलेली ही दोन माणसं मुंबईतच भेटू शकत होती, आणि पुढे सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीपर्यंत विद्यार्थ्याला नेण्यात केळुसकर गुरुजींचा हात होता.

आचऱ्याचा उल्लेख आलाच आहे, तर या गावाची एक चाल सांगितली पाहिजे. काही वर्षांच्या अंतरानं ग्रामदेवता रामेश्वराचा कौल मिळाला, की आचरे गाव गावपळण करतं. तीन दिवस, तीन रात्री सगळं गाव गुराढोरांसकट वेशीबाहेर राहुट्या ठोकून राहतं, घरं रिकामी, मग पुन्हा कौल घेऊन परत. जिथे गाव सोडणं हासुद्धा देवाच्या साक्षीनं पाळायचा रिवाज आहे, तिथलं नाव घेऊन मालवणात १९३२ साली जन्मलेले रमाकांत आचरेकर मुंबईत वाढले आणि शिवाजी पार्कवर मुलांना क्रिकेट शिकवू लागले. त्यांच्यासमोर फलंदाजी शिकायला उभा राहिलेला मुलगा तेंडुलकर होता.

बायकांच्या बाबतीत ‘कर’ची गोष्ट आणखी निराळी. गोव्याच्या देवळांशी बांधलेल्या कलावंत घराण्यांतल्या मुलींना बापाचं कूळ लावायची सोय समाजानं ठेवली नव्हती. गाणं शिकायला त्या कोल्हापूरला, मुंबईला गेल्या तेव्हा त्यांनी गाव लावलं. अंत्रूजमधल्या केरीच्या केसरबाई केरकर, कुर्डीच्या मोगूबाई कुर्डीकर. मंगेशीत १९०० साली जन्मलेल्या दीनानाथांची आई येसूबाई त्याच समाजातली आणि वडील देवळाचे पुजारी. दीनानाथांनी आडनाव घेतलं ते गावाचं आणि देवाचं, मंगेशकर. साष्टीतून परागंदा झालेला मंगेश पावणेचारशे वर्षांनी अशा रीतीनं ग्रामोफोनच्या तबकड्यांवर आला. कुर्डी हे गाव साळावली धरणाच्या पाण्याखाली गेलं. पाणी ओसरलं की मे महिन्यात त्याची जोती उघडी पडतात, आणि जुने गावकरी देवाला भेटायला जातात. मोगूबाईंची कन्या लग्नानंतर आमोणकर झाली, किशोरी आमोणकर, म्हणजे पुन्हा एका गावाचंच नाव. केसरबाईंचं तर असं झालं, की १९७७ साली अमेरिकेनं अवकाशात सोडलेल्या दोन्ही व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीत त्यांची भैरवी आहे. व्हॉयेजर-१ २०१२ साली सूर्याच्या प्रभावक्षेत्राबाहेर पडलं. केरीचं नाव लावलेल्या बाईंचा आवाज याहून लांब जाणं माणसाच्या हातचं नाही.

धर्माची भिंतही या नावांनी मानली नाही. उत्तर कोकणातले तेल गाळणारे बेने इस्रायल ज्यू अठराव्या शतकापासून मुंबईत येऊ लागले. त्यांचे पेणकर, रोहेकर, नवगावकर, किहीमकर पुढे इस्रायलमध्ये गेले आणि त्यांच्यासोबत रायगडच्या खेड्यांची नावंही गेली. उलट १८३४ नंतर करारावर मॉरिशसला गेलेल्या मजुरांचं झालं. तिथल्या इमिग्रेशन डेपोत नाव आणि बापाचं नाव यांवर भर राहिला, आणि बापाचं नावच मुलांचं आडनाव झालं. मॉरिशसच्या मराठी कुटुंबांनी भजनं आणि गणपती जपले, पण आडनावातून गाव निसटलं. लेखणी कुणाच्या हाती आणि ती कुठल्या रकान्यावर थांबते, यावर एवढं ठरतं.

लग्नातून हे नाव कुठवर गेलं त्याचं नवल सावित्रीबाई खानोलकरांमध्ये आहे. त्या जन्मानं ईव्ह इव्होन माडे, १९१३ साली स्वित्झर्लंडमधल्या नूशातेलच्या. भारतीय लष्करातले विक्रम खानोलकर यांच्याशी त्यांचं १९३२ साली लग्न झालं. स्वातंत्र्यानंतर परमवीर चक्राची घडण त्यांनी आखली. ते पहिल्यांदा मिळालं ते मरणोत्तर, मेजर सोमनाथ शर्मा यांना. आणि ते सावित्रीबाईंच्या मुलीचे दीर होते. देशाच्या सर्वोच्च शौर्यपदकाच्या इतिहासात वेंगुर्ले तालुक्यातल्या एका खेड्याचं नाव असं कायमचं लिहिलं गेलं.

मालवण तालुक्यातल्या वराड गावाच्या नावाला आणखी वेगळा योग आला. १९६० च्या दशकात मुंबईहून इंग्लंडला गेलेले डॉक्टर अशोक वराडकर तिथे आयरिश परिचारिका मिरियम यांना भेटले. पुढे कुटुंब आयर्लंडला स्थिरावलं. १९७९ साली डब्लिनमध्ये जन्मलेला त्यांचा मुलगा लिओ जून २०१७ मध्ये आयर्लंडचा पंतप्रधान झाला, आणि डिसेंबर २०१९ मध्ये सहकुटुंब वराडला येऊन गेला. आयर्लंडमध्ये पुष्कळ आडनावं ‘ओ’ आणि ‘मॅक’नं सुरू होतात, म्हणजे अमक्याचा वंशज, तमक्याचा मुलगा. पूर्वज कोण, हा त्यांचा पहिला प्रश्न. मालवणी माणूस विचारतो, गाव खंयचो? डब्लिनच्या संसदेत वंश सांगणाऱ्या नावांच्या रांगेत एक नाव गाव सांगत उभं राहिलं.

पण वराडकर हे नाव जे सांगतं तेवढंच सांगतं. ते वराड सोडल्याचं सांगतं. मुंबई सोडल्याचं, इंग्लंड सोडल्याचं सांगत नाही. कुटुंब तीन वेळा हललं आणि नाव पहिल्याच मुक्कामाला थांबलं. कुणी मुंबईकर, डब्लिनकर झालं नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दाखले, हजेरीपट आणि पासपोर्ट यांनी नावं गोठवली, तेव्हा नवे ‘कर’ घडणं जवळपास संपलं. त्यामुळे आजच्या आचरेकरावरून त्याचं मूळ गाव कळतं, राहतं गाव नाही, आणि मधले मुक्काम तर मुळीच नाहीत. गिरणीतून डोंबिवलीला, डोंबिवलीहून आखाती देशात गेलेल्या चाकरमान्याच्या नातवंडांची पायपीट त्यांच्या आडनावात उमटणार नाही. ती लिहून ठेवायची तर आता आडनावावर विसंबून चालणार नाही. ज्याची त्यानंच ती लिहायला हवी.